दहा जणांची कुपी

कोक-बेलच्या खिंडीत घोडी आपणहून थांबते,
मीही थांबू देते.
पाठीला बांधलेला निळा डबा,
डब्यात बर्फ, बर्फात कुप्या,
प्रत्येक टोपणावर एक जांभळं वर्तुळ
आणि वर्तुळात फिका चौकोन.
चौकोन फिका आहे तोवर औषध जिवंत.
ऊन खात गेला की काळवंडतो,
वर्तुळाच्या रंगाला पोचला की फेकून द्यायचं.
माणसांच्या कपाळावर असा चौकोन असता
तर माझं निम्मं काम वाचलं असतं.

खाली गावात गोवर आलाय.
दवाखान्याच्या खिडक्यांना चादरी लावल्यात,
पोरांना उजेड सोसत नाही.
वर मात्र जुलैचं कुरण,
सात नमद्याचे तंबू, घोडीच्या दुधाचा आंबूस वास,
आणि सातांपैकी सहा तंबूंतून एकच उत्तर:
बघू.

जिदेगुलनं तेवढी लेक पुढे केली.
बेगाइम, तेरा महिन्यांची,
मुठीत वाळल्या दह्याचा गोळा.
एक मूल, आणि कुपी दहा जणांची.
एकदा फोडली की सहा तास,
मग चौकोन कितीही फिका असो, उरलेलं मातीमोल.
महिनाअखेरीस तक्त्यात विचारतात, वाया किती गेलं?
वाचलं किती, याचा रकाना नाही.

फोडली.

बेगाइम आधी माझ्याकडे बघत राहिली,
विश्वासघात समजायला तिला क्षणभर लागला,
मग रडली.
गोळा मात्र सोडला नाही.

तुराटबेक दारात उभा होता.
म्हणाला, बहिणीच्या पोराला टोचल्यावर ताप आला.
म्हटलं, येतो कधीकधी. दोन दिवस राहतो, जातो.
खोटं बोलून इथून पळायचं
तर घोडीही म्हातारी आहे.
उतारावर त्याच्या चारशे मेंढ्या,
चारशे कानांत पिवळे बिल्ले.
यांना कोणी टोचलं?
पशुवैद्यानं, मे महिन्यात.
ताप आला कुणाला?
आला असेल एखाद-दुसरीला.
मग तो गप्प झाला, मीही.
वाद मी जिंकले होते
आणि त्याचं पोर होतं तिथेच होतं,
पडद्याआडून एक डोळा लावून.

मग जिदेगुलनं विचारलं, त्यात उरलंय किती?
नऊ.
तिचा चेहरा पडला.
आपल्या एका घरासाठी सबंध मेंढा कापला जावा
आणि शेजारी चुली विझवून बसावेत,
असं काहीसं तिला झालं असणार.
लेकीला कडेवर मारली
आणि निघाली तंबूतंबूतून:
मेंढा कापलाय, वाटा न्यायला या,
संध्याकाळी कुत्र्यालाही घालता येणार नाही.

आले.
आधी जुळे, एकमेकांचा हात न सोडता.
मग शिंगराच्या वासाचा एक पोरगा,
ज्याला मी बळेच दंड धुवायला लावला.
कोणी विश्वासानं आलं असं नाही म्हणणार मी,
काही नुसती लाजेखातर आली.
लस लाजेलाही लागू पडते.
शेवटी नवी सून, अठरा-एकोणीसची,
माझी लहानपणची नोंद सापडत नाही, म्हणाली.
दिवस गेलेत का विचारलं
तर सगळा तंबू हसला आणि ती लाल झाली, नाही.
ती नववी.

सूर्य कड्याला टेकला.
मी घड्याळ बाहेर काढून सतरंजीवर ठेवलं,
सगळ्यांना दिसेल असं,
थोडं मुद्दामच.
पडदा हलला, पण वारा होता.
सहा तास झाले तेव्हा वहीत लिहिलं,
दिले नऊ. वाया एक.

अंधारात डबा बांधताना कोणीतरी खोगिराचा तंग कसला.
तुराटबेक. माझ्याकडे न बघता म्हणाला,
तुझा बर्फ टिकतो किती दिवस?
परवापर्यंत.
पलीकडच्या कुरणावर मुक्काम आहे माझा.
तो काही बोलला नाही.
खिशातून मीठ काढून
घोडीला चाटू दिलं, बराच वेळ.